सातपुड्यात रेडिओचा मनोरा कुठे उभा करायचा

डोंगराळ भागात रेडिओ पोचवायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास वॅटचा येतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात बरीच वर्षं आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेला पावरी आणि भिली बोलींत स्वतःचं रेडिओ केंद्र काढायचं होतं. मी नाशिकला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवानाही आहे, म्हणून तांत्रिक बाजू बघायला त्यांनी मला बोलावलं. पहिल्याच बैठकीत एका दादांनी विचारलं, "ताई, किती वॅटचं मशीन घेतलं म्हणजे सगळे पाडे येतील?" वॅट वाढवून डोंगर ओलांडता येत नाही, एवढं मला ठाऊक होतं. मग काय करून पाडे येतील, हे शोधण्यात पुढचा सगळा काळ गेला. दुर्गम भागात असं काही करू बघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

अक्राणीत गाव म्हणजे एका जागी दाटीनं वसलेली वस्ती नव्हे. एका गावाचे आठ-दहा पाडे असतात, प्रत्येक पाडा वेगळ्या सोंडेवर, आणि पाड्यातलं प्रत्येक घर आपापल्या शेतात. सातपुड्याच्या मुख्य धारा पूर्व-पश्चिम धावतात, उत्तरेला नर्मदा आहे, आणि मधली खोरी इतकी खोल की समोरच्या पाड्यावरचा माणूस दिसतो, त्याची हाक ऐकू येते, पण त्याच्यापर्यंत जायला अर्धा दिवस मोडतो. मोबाईलचे मनोरे मोजके आणि तेही बाजाराच्या गावांजवळ. तरीसुद्धा बहुतेक घरांत बटणांचा साधा फोन असतो. बोलायला रेंज नसली तरी त्यात मेमरी कार्डवर पावरी गाणी असतात आणि एफएम रेडिओ असतो. हा फोन आमच्या सगळ्या विचारांचा पाया ठरला. ऐकणाऱ्याच्या हातात आज जे यंत्र आहे त्यावर वाजेल तोच पर्याय खरा, असं आम्ही पहिल्या बैठकीतच ठरवून टाकलं.

तरी बाकीचे पर्याय मी मुद्दाम सगळ्यांसमोर मांडले. बैठकीतल्या एका आजोबांना रात्री इंदूर आकाशवाणी ऐकल्याचं आठवत होतं. ते म्हणाले, "ते स्टेशन इतक्या लांबून यायचं, मग आपलं का नाही येणार?" प्रश्न अगदी रास्त होता. ते प्रक्षेपण मध्यम लहरींवरचं. त्या लहरींची लांबी ३०० मीटरच्या आसपास असते, त्यामुळे डोंगराच्या धारेला वळसा घालून त्या पलीकडे उतरतात, आणि रात्री आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून शेकडो किलोमीटर जातात. पण त्यासाठी मनोराच पाऊणशे मीटर उंच लागतो, त्याच्या पायथ्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारांचं मोठं जाळं पुरावं लागतं, आणि जमीन ओलसर, विजेला वाट देणारी असावी लागते. आमच्याकडे वीतभर मुरूम आणि खाली काळा कातळ. सपाट पाच एकर एका जागी शोधायला गेलो असतो तर ते कुणाचं तरी एकमेव शेत निघालं असतं. शिवाय आपल्याकडे मध्यम लहरींवर प्रक्षेपण करायची मुभा आकाशवाणीलाच आहे.

लघुलहरींचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या मला फार आवडतो, आणि तो मागे पडतो आहे याचं वाईट वाटतं. ३ ते ७ मेगाहर्ट्झच्या दरम्यानची लहर जवळजवळ सरळ वर, आकाशाकडे सोडली तर ती आयनांबरावरून परत खाली येते आणि आसपासच्या तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात सगळीकडे उतरते. वरून येत असल्यामुळे मध्ये डोंगर असल्या-नसल्याचा तिला फरक पडत नाही. दरीच्या तळाशी बसलेल्या माणसालाही ती मिळते. त्यासाठी मनोराही लागत नाही. तीसेक मीटर लांबीची आडवी तार दहा-बारा मीटर उंचीवर ताणली की झालं. लेह, कोहिमा, गंगटोक, सिमला अशा डोंगरी केंद्रांवरून आकाशवाणीनं वर्षानुवर्षं ६० मीटर पट्ट्यावर हेच केलं. भूतानचा रेडिओ १९७३ मध्ये लघुलहरींवरच सुरू झाला, तिथे एफएम आलं ते २००० साली. पापुआ न्यू गिनीच्या प्रांतिक केंद्रांनी ९० मीटरचा पट्टा वापरला. यात कष्ट इतकेच की दिवसा आणि रात्री वारंवारता बदलावी लागते. पण हा परवानाही संस्थेला मिळत नाही, आणि मिळाला असता तरी लघुलहरी पकडणारा संच पाड्यावर कुणाकडे आहे? मी विचारलं तेव्हा एकही हात वर झाला नाही.

उपग्रहाचा विषय एका तरुण कार्यकर्त्यानं काढला. वर्ल्डस्पेसनं उपग्रहावरून थेट घरातल्या संचावर रेडिओ दिला होता, पण त्याचा संच वेगळा आणि महाग होता, आणि २००९ च्या अखेरीस भारतातली ती सेवा बंदच पडली. फोनवरून ऐकायची सोयही आहे. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वरा २०१० पासून तशी चालली, लोक फोन करून गोंडीत बातमी सांगत आणि ऐकत. त्याला मुळात फोन लागला पाहिजे. आमच्या अर्ध्या पाड्यांवर तो लागत नाही.

राहिलं एफएम. २००६ च्या धोरणानं सामुदायिक रेडिओची दारं स्वयंसेवी संस्थांना उघडली. निदान तीन वर्षं काम केलेली नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. प्रभावी प्रक्षेपण शक्ती साधारणपणे १०० वॅटपर्यंत. खरोखर गरज सिद्ध झाली तर २५० वॅटपर्यंत विचार होऊ शकतो. अँटेना जमिनीपासून किमान १५ मीटर आणि जास्तीत जास्त ३० मीटर. यातल्या 'जमिनीपासून' या शब्दावर मी बोट ठेवलं. उंची मोजायची ती मनोऱ्याच्या पायथ्यापासून. तो पायथा स्वतः किती उंच डोंगरावर आहे, याला हे बंधन नाही. सपाटीवरच्या केंद्राला जे कधीच मिळणार नाही ते आम्हाला डोंगर फुकट देत होता.

पण तोच डोंगर घेतोही. एफएमची लहर सव्वातीन मीटरची. ती सरळ रेषेत जाते, धारेवरून जराशी वाकते, फार नाही. मी बैठकीत फळ्यावर हिशेब करून दाखवला. मनोरा आणि घर यांत १० किलोमीटर अंतर आहे, बरोबर मध्यावर एक धार नजरेच्या रेषेपेक्षा २०० मीटर वर आली आहे, तर त्या एका धारेपायी सुमारे २३ डेसिबल (लहरीच्या जोरातली चढ-उतार मोजायचं माप) जातात. ते भरून काढायचे तर शक्ती जवळजवळ दोनशे पट लागेल, म्हणजे ५० वॅटच्या जागी १० हजार वॅट. आणि तीच धार ओलांडून पलीकडे मनोरा नेला तर? तेच ५० वॅट पुरतात. दादांनी फळ्याकडे बघत विचारलं, "मग मशीन लहान आणि जागा मोठी बघायची?" तिथून पुढे वॅटचा विषय कुणी काढला नाही.

जागा शोधायला आधी संगणकावर बसले. 'रेडिओ मोबाइल' नावाची एका कॅनेडियन हॅमनं केलेली मोफत प्रणाली आहे. २००० साली अंतराळयानातून रडारनं घेतलेल्या जमिनीच्या उंचीच्या नोंदी त्यात घातल्या की कुठून कुठे लहर पोचेल याचा नकाशा मिळतो. त्या नोंदींचे ठिपके ३० मीटरच्या, जुन्या आवृत्तीत ९० मीटरच्या अंतरावर आहेत. सातपुड्यातल्या कित्येक धारा माथ्यावर त्याहून अरुंद आहेत, त्यामुळे नकाशात त्या बोथट आणि बुटक्या होतात. संगणक म्हणतो येईल, आणि प्रत्यक्षात येत नाही. म्हणून पायी फिरणं टळत नाही.

चाचणीसाठी परवान्याशिवाय एफएमवर एक वॅटही हवेत सोडता येत नाही. मग मी आणि धुळ्याचे एक हॅम मित्र, दोघांनी आपापले हातातले संच घेतले, १४५ मेगाहर्ट्झवर ५ वॅटचे. ही वारंवारता एफएमच्या ९१ पेक्षा जास्त, म्हणजे धारेवरून वाकायला आणखी नाराज. तिथे जी धार ओलांडून आवाज येईल ती एफएमला त्याहून कमी अडवणार, असा त्यातला भरवसा. एकानं संभाव्य जागेवर थांबायचं, दुसऱ्यानं पाड्यापाड्यावर जाऊन हाक द्यायची आणि वहीत लिहायचं.

सगळ्यांच्या मनात तोरणमाळ होतं, आणि ते साहजिकच होतं. उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास, वर डांबरी रस्ता, वीज, आश्रमशाळा. मी यशवंत तलावाच्या काठी उभी राहिले, मित्र खाली खोऱ्यातल्या पाड्यावर. सरळ रेषेत अंतर फार नव्हतं, तरी त्यांचा आवाज आलाच नाही, नुसती खरखर. मग मी चालत सीताखाईच्या कड्यापाशी गेले. कडा दहा-पंधरा पावलांवर आला तसा आवाज उमटायला लागला, आणि अगदी काठावर पोचल्यावर ते माझ्या शेजारी उभे असल्यासारखे बोलत होते. पठाराच्या मधोमध उभं राहिलं की पठाराचा स्वतःचाच काठ आड येतो. तलाव, रस्ता, वीज सगळं मधोमध, आणि रेडिओला हवा काठ. पर्यटक जिथे उभे राहून फोटो काढतात त्या कड्यावर ३० मीटरचा मनोरा उभा करणं वनखात्याच्या जमिनीमुळेही अवघड आणि वाऱ्यामुळेही.

तोरणमाळची दुसरी अडचण मला जास्त मोलाची वाटते, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. उंचावरून प्रक्षेपण करताना बरेच जण एकावर एक चार अँटेना लावतात. त्यानं शक्ती क्षितिजाकडे एकवटते आणि कागदावर आकडे छान दिसतात. पण चार अँटेना एकेका लहरीच्या अंतरानं लावल्या तर क्षितिजाखाली साडेचौदा अंशांवर एक पोकळी तयार होते, तिथे जवळजवळ काहीच जात नाही. मनोऱ्यापेक्षा ७०० मीटर खाली आणि २.७ किलोमीटरवर असलेला पाडा बरोबर त्या पोकळीत बसतो. म्हणजे आवाज शहाद्याच्या सपाटीवर खणखणीत जाईल आणि ज्या पाड्यांसाठी केंद्र काढलं त्यांच्या डोक्यावरून निघून जाईल. नकाशावर आमचे पाडे मोजले तर उंच जागांवरून बघताना कितीतरी पाडे १० ते २० अंश खालीच येत होते. आम्ही एकच उभी अँटेना लावायची ठरवलं. तिचा झोत रुंद असतो, खाली बघायला ती कचरत नाही. उभी यासाठी की फोनला लोंबणारी हेडफोनची वायर हीच त्याची अँटेना, आणि ती उभीच असते.

अस्तंभ्याचं नावही निघालं. दिवाळीत हजारो लोक तिथे यात्रेला चढतात, शिखरावरून दिसत नाही असं खोरं विरळाच. पण तो देवाचा डोंगर. तिथे लोखंड रोवायचा विचार गावातल्या कुणाला रुचला नाही आणि मलाही नाही.

मधल्या काळात एक सूचना अशी आली की मनोरा वर आणि स्टुडिओ खाली तालुक्याच्या गावी, धडगावच्या बाजारात ठेवावा, मध्ये ५.८ गिगाहर्ट्झचा परवानामुक्त बिनतारी दुवा टाकावा. बाजाराला बायका येतात, त्यांचे आवाज सहज मिळतील, हे त्यातलं खरं आकर्षण. मी दुर्बिणीतून समोरची जागा बघून खूश झाले होते, वाट मोकळी दिसत होती. आमच्याबरोबर आलेले पाड्यावरचे एक काका हसले आणि म्हणाले, "ताई, आता उन्हाळा आहे. साग उघडा आहे. पाऊस पडला की इथून काही दिसत नाही." सागाचं पान परातीएवढं, ओलं झालं की त्या लहरी पिऊन टाकतं. वाटेत दोन ठिकाणी सागाची रांग होती. दुवा टाकायचा तर दोन्ही टोकांना वीज, बॅटरी आणि देखरेख लागली असती. तो बेत तिथेच संपला.

शेवटी जागा मिळाली ती कुणाच्या यादीत नव्हती. धडगावपासून फार लांब नसलेली एक सोंड, आसपासच्या धारांपेक्षा बरीच बुटकी, पण तीन खोऱ्यांच्या तोंडाशी अशी आलेली की तिन्हींत खाली नजर जाते. चाचणीत इथून तोरणमाळपेक्षा कमी किलोमीटर आणि जास्त घरं मिळाली. वर गावठाणाची जमीन आहे, पेसा क्षेत्र (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याखालचं) असल्यानं ग्रामसभेत ठराव झाला, आणि चर्चा लांबली तरी लोकांनी एकमतानं होकार दिला. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सोंडेच्या खांद्यावरच पाडा आहे. जुलैच्या रात्री ट्रान्समीटर बंद पडला तर टॉर्च घेऊन तिथवर जाणारी मुलं तिथेच राहतात. मला विचाराल तर दुर्गम भागातल्या केंद्राची जागा ठरवताना हा मुद्दा उंचीच्या बरोबरीनं धरावा. ज्या शिखरावर पावसाळ्यात चार महिने कुणी चढत नाही त्यावरचा ट्रान्समीटर पहिल्या बिघाडाला मुका होतो.

जागा आधी नक्की करणं कागदपत्रांसाठीही गरजेचं असतं. अर्जात मनोऱ्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात, माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून इरादापत्र आलं की त्याच जागेसाठी वारंवारता आणि उभारणीची मंजुरी घ्यायची असते. मनोरा पलीकडच्या टेकडीवर हलवायचा म्हटलं तर मंजुरीचं काम पुन्हा पहिल्यापासून.

विजेच्या चर्चेत बिलगावचा उल्लेख आला. तिथल्या धबधब्यावर २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदान करून छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला होता, २००६ मध्ये तो सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. ज्यांनी तो बांधला आणि बुडताना पाहिला त्यांच्यासमोर विजेचा हिशेब मांडताना मी शब्द जपून वापरत होते. आमच्या सोंडेवर ओढा नाही, म्हणून सौर पॅनेल. ५० वॅटचा ट्रान्समीटर विजेकडून १२० वॅटच्या आसपास घेतो. सकाळ-संध्याकाळ मिळून सहा तास धरले तर ७२० वॅट-तास. श्रावणात दिवसाला जेमतेम दोन तासांचं उपयोगी ऊन धरून, बॅटरीतली गळती वजा करून, ५०० वॅटचं पॅनेल निव्वळ ट्रान्समीटरलाच लागतं. स्टुडिओचं वेगळं. दिवसभर प्रक्षेपण करायची हौस सगळ्यांना होती; हा हिशेब पाहून सकाळी आणि दिवेलागणीला एवढंच ठरलं. तसंही दुपारी सगळे शेतावरच असतात.

आणखी एक निर्णय बिनखर्चाचा होता. प्रक्षेपण स्टीरिओ न करता मोनो करायचं. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार ग्रामीण भागात चांगल्या स्टीरिओला ५४ डेसिबलची क्षेत्रतीव्रता, म्हणजे घरापाशी पोचलेल्या लहरीचा जोर, लागते, मोनोला ४८ पुरते. हा ६ डेसिबलचा फरक म्हणजे शक्ती चौपट केल्यासारखा. गप्पा, ओव्या, बाजारभाव, लसीकरणाची तारीख यांना दोन कान वेगळे ऐकवायची गरज नाही.

ऐकण्याच्या बाजूनंही काम करता येतं, ते फार जण करत नाहीत. अरुंद खोऱ्यात एकच लहर समोरून येते, तीच पलीकडच्या कड्यावर आपटून पुन्हा येते, दोन्ही मिसळल्या की आवाज फाटतो. अशा ठिकाणी संच एक पाऊल सरकवला तरी आवाज सुधारतो. एका घरी आकाशवाणीचं एफएम अगदी पुसट येत होतं. आम्ही ८० सेंटीमीटर तार घेतली, वरचं टोक वळचणीच्या बांबूला बांधलं, खालचं टोक फोनच्या हेडफोनच्या वायरीला गुंडाळलं. घरातल्या आजींनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन घरांत तशीच तार त्यांनी स्वतः बांधून दिली. केंद्र सुरू होईल तेव्हा प्रत्येक पाड्यावर ही तार कशी बांधायची ते आशाताई दाखवणार आहेत. त्यांच्या बैठकीत आम्ही ते शिकवून ठेवलं आहे.

मुख्य धारेपलीकडच्या नर्मदाकाठच्या गावांना मात्र या सोंडेवरून काहीच पोचत नाही. चाचणीत तिथून एकही हाक आली नाही. त्यांच्यासाठी त्या बाजूला वेगळं छोटं केंद्र हवं. वर एखादा पुनःप्रक्षेपक लावून भागणार नाही, कारण परवाना ठरलेल्या एका जागेचा असतो. तो अर्ज होईपर्यंत आठवड्याचे कार्यक्रम मेमरी कार्डवर भरून आरोग्याच्या बोटीबरोबर पाठवायची सोय लावली आहे. ध्वनिमुद्रण आत्ताच सुरू झालं आहे. आश्रमशाळेत शिकलेल्या दोन मुली पावरीत आमचूराचे भाव आणि बाळंतपणाआधीच्या तपासण्यांची माहिती इतकी सहज सांगतात की बोटीवरचे लोक कार्ड परत द्यायला तयार नसतात.

इरादापत्र आलं आहे, वारंवारतेची वाट बघतो आहोत. सध्या सोंडेवर अर्थिंगचं काम चालू आहे. कातळात खोल खड्डा जात नाही, म्हणून मनोऱ्याच्या पायाभोवती तांब्याची पट्टी आडवीच पुरतो आहोत, ओल धरून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीत, आणि पट्टीचे फाटे जिथे माती भेटेल तिथवर नेतो आहोत. अर्थिंगचा रोध मोजायला मी मे महिन्यात जाणार आहे, जमीन कडकडीत कोरडी असताना. सातपुड्यात विजा वळवाच्या पहिल्या पावसाआधीच पडायला लागतात, तेव्हा त्या वेळचा आकडा बरा आला तरच मनोरा चढवायचा, असं ठरलं आहे.